'जरा पडून राहा' म्हणण्याआधी थांबा! स्ट्रोक ओळखा, वेळ वाचवा

सकाळी चहाचा कप हातातून निसटतो. बोलताना शब्द जडावतात, ओठांच्या एका कोपऱ्यातून चहा ओघळतो. घरातल्यांना वाटते, रात्री झोप झाली नसेल, पित्त झाले असेल, नाहीतर अशक्तपणा आला असेल. कोणी लिंबूसरबत आणते, कोणी तळपायाला तेल चोळते आणि सगळे मिळून एकच सल्ला देतात, ''जरा पडून राहा, बरं वाटेल.''

काळजीपोटी दिलेला हा सल्ला स्ट्रोकच्या वेळी फार महागात पडतो. कारण माणूस पडून राहतो, पण मेंदूचे नुकसान थांबत नाही. मोठी रक्तवाहिनी बंद झाली आणि उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला मेंदूतील सुमारे १९ लाख पेशी मरतात. म्हणजे 'तासभर वाट पाहू' असे म्हणत घालवलेला वेळ कुणाची वाचा, कुणाचा हात, तर कुणाचे स्वतःच्या पायावर चालणे हिरावून घेऊ शकतो.

जागतिक आकडेवारीनुसार वयाची पंचविशी ओलांडलेल्या दर ४ जणांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी स्ट्रोक येतो. हा फक्त आजीआजोबांचा आजार नाही. चाळिशीतल्या नोकरदारालाही तो येतो आणि नुकत्याच बाळंत झालेल्या तरुणीलाही. म्हणून त्याची लक्षणे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवीत, अगदी शाळेत जाणाऱ्या मुलांनाही. अनेकदा दुपारी आजीजवळ घरात तीच असतात.

स्ट्रोक म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे याला अर्धांगवायू, पक्षाघात किंवा लकवा म्हणतात. गावाकडे 'अंगावरून वारं गेलं' असेही म्हणतात. या नावामुळे एक गैरसमज पक्का झाला आहे की, हा हातापायाचा किंवा नसांचा आजार आहे आणि मालीश केली की वारे उतरते. खरे तर हातपाय धडधाकट असतात. बिघाड मेंदूच्या रक्तपुरवठ्यात झालेला असतो.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. साठवून ठेवण्याची सोय त्याच्याकडे नाही. त्यामुळे रक्त थांबले की काही मिनिटांतच पेशी मरू लागतात.

स्ट्रोक मुख्यतः २ प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढचा रक्तपुरवठा बंद होतो. बहुतेक रुग्णांमध्ये हाच प्रकार असतो. दुसऱ्या प्रकारात रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. दोन्हींची लक्षणे सारखीच दिसू शकतात, उपचार मात्र एकमेकांच्या उलट असतात. बाहेरून बघून प्रकार सांगणे डॉक्टरांनाही शक्य नसते. त्यासाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करावाच लागतो.

६ गोष्टी लक्षात ठेवा

स्ट्रोकची सगळ्यात मोठी खूण म्हणजे तो अचानक येतो. मिनिटभरापूर्वी ठीक असलेल्या माणसाला एकाएकी त्रास सुरू होतो. पुढच्या ६ गोष्टी पाठ करा आणि घरातल्यांकडूनही करून घ्या.

तोल : चालताना अचानक झोक जाणे, गरगरणे, एका बाजूला कलणे.

डोळे : एका किंवा दोन्ही डोळ्यांनी अचानक दिसेनासे होणे, एका बाजूचे न दिसणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे.

चेहरा : हसायला सांगा. एका बाजूचा ओठ खाली ओघळला आहे का? चूळ भरताना पाणी एका बाजूने गळते का?

हात : डोळे मिटून दोन्ही हात समोर उचलायला सांगा आणि १० पर्यंत मोजा. एक हात आपोआप खाली येतो का? घास कालवता न येणे, शर्टाचे बटण लावता न येणे, पायातली चप्पल निसटली तरी न कळणे याही त्याच खुणा आहेत.

बोलणे : एखादे साधे वाक्य म्हणायला सांगा. उदाहरणार्थ, 'आज घरी सगळ्यांनी वरणभात खाल्ला.' जीभ जड वाटते का? शब्द भलतेच येतात का? तुमचे बोलणे त्यांना कळत नाही असे वाटते का?

वेळ : यातले एकही लक्षण अचानक दिसले, तर घड्याळ बघा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा.

याशिवाय 'आयुष्यात इतकं डोकं कधीच दुखलं नव्हतं' अशी अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी, विशेषतः त्यासोबत उलटी किंवा गुंगी असेल, तर ती मेंदूतील रक्तस्रावाची खूण असू शकते.

एक गोष्ट लक्षात घ्या. सगळी लक्षणे एकदम दिसायची वाट बघू नका. स्ट्रोकमध्ये बहुधा दुखत नाही. छातीत दुखले की माणूस घाबरून दवाखाना गाठतो, पण हात बधिर झाला की 'हाताखाली झोपलो होतो' म्हणून सोडून देतो. उशीर नेमका इथेच होतो.

आईबाबा गावी, तुम्ही दुसऱ्या शहरात?

आज कितीतरी घरांत आईवडील कोल्हापूर, नागपूर किंवा इंदूरला आणि मुले बंगळुरू, हैदराबाद, दिल्लीला असे चित्र आहे. रोजचा फोन हाच दुवा. पण याच फोनवर स्ट्रोकही ओळखता येतो.

फोनवर आवाज जड वाटला, आई वाक्य अर्धवट सोडत असेल किंवा भलताच शब्द वापरत असेल, तर लगेच व्हिडिओ कॉल करा. ''आई, जरा हसून दाखव'', ''बाबा, दोन्ही हात वर करा बघू'', ''मी म्हणतो ते वाक्य माझ्यामागून म्हणा'' या ३ गोष्टींना एक मिनिटही लागत नाही. काही गडबड वाटली, तर त्यांना एकट्याने रिक्षा शोधत निघू देऊ नका. शेजाऱ्यांना फोन करा. म्हणूनच आईबाबांच्या शेजारच्या किमान २ घरांचे नंबर आणि घराची जादा किल्ली कोणाकडे आहे, याची माहिती तुमच्याकडे हवीच.

पहिल्या १० मिनिटांत काय कराल?

* १०८ किंवा ११२ ला फोन करा. 'स्ट्रोकचा संशय आहे' असे स्पष्ट सांगा.

* रुग्ण शेवटचा पूर्णपणे ठीक कधी दिसला होता, ती वेळ कागदावर लिहा. इस्पितळात पहिला प्रश्न हाच विचारला जातो आणि औषध देता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच उत्तरावर ठरते. सकाळी उठल्यावर लक्षणे दिसली, तर रात्री झोपण्याआधी शेवटचे ठीक असल्याची वेळ सांगा. अशा रुग्णांनाही काही वेळा विशेष तपासणी करून उपचार देता येतात, त्यामुळे 'आता उशीर झाला' असे स्वतःच ठरवू नका.

* रुग्णाला आडवे करा, कपडे सैल करा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.

* रोजच्या गोळ्यांची पाकिटे आणि जुने रिपोर्ट पिशवीत टाका. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

* घरात शुगर मोजायचे यंत्र असेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत शुगर बघा. शुगर खूप कमी झाली तरी स्ट्रोकसारखी लक्षणे दिसतात. मात्र त्यासाठी निघायला उशीर करू नका.

* रुग्णवाहिकेला खूप वेळ लागणार असेल, तर चारचाकीने निघा. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नका.

हे मात्र अजिबात करू नका

* पाणी, चहा, साखर, गोळी काहीही तोंडातून देऊ नका. स्ट्रोकमध्ये गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. घोटभर पाणीही फुप्फुसात जाऊ शकते.

* ॲस्पिरिन देऊ नका. हार्ट अटॅकच्या माहितीत वाचलेला उपाय इथे चालवू नका. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, तर ॲस्पिरिनने तो वाढू शकतो.

* बीपी जास्त दिसले म्हणून घाईने जादा गोळी देऊ नका. बीपी झपाट्याने उतरले, तर मेंदूला मिळणारे उरलेसुरले रक्तही कमी होते.

* सुईने बोटे टोचून रक्त काढा, असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतो. त्याचा काहीही उपयोग नाही. कबुतराचे रक्त चोळणे, गरम तेलाची मालीश, अंगारा-धुपारा यांचेही तसेच. यात फक्त वेळ जातो.

* जवळच्या छोट्या दवाखान्यात नेऊन रांगेत बसू नका. फॅमिली डॉक्टरांना वाटेतून फोन करा, पण गाडी थेट २४ तास सीटी स्कॅनची सोय असलेल्या इस्पितळाकडेच न्या.

साडेचार तासांचे गणित

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही आणि गुठळीचा स्ट्रोक आहे असे दिसले, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. हे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. या वेळेतही जितके लवकर दिले, तितका फायदा जास्त.

मोठी रक्तवाहिनी बंद असेल, तर मांडीतील किंवा मनगटातील रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी बाहेर काढता येते. हा उपचार सहसा पहिल्या ६ तासांत करतात. तपासणीत वाचवण्याजोगा भाग दिसला, तर निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंतही करता येतो. मात्र ही सोय प्रत्येक इस्पितळात नसते.

आता हिशेब करा. लक्षण ओळखायला अर्धा तास, 'बघू थोडा वेळ' म्हणत १ तास, मुलाला ऑफिसातून बोलवायला १ तास, पहिल्या दवाखान्यात पाऊण तास, तिथून मोठ्या इस्पितळात जायला आणखी १ तास. सव्वाचार तास गेले आणि स्कॅन अजून व्हायचाच आहे! औषध उपलब्ध असूनही ते देता येत नाही, ते असेच.

५ मिनिटांत बरे वाटले तर?

कधीकधी हात बधिर होतो, बोबडी वळते आणि थोड्या वेळाने सगळे पूर्ववत होते. घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात आणि विषय संपतो. पण हा मिनी स्ट्रोक असू शकतो. गुठळी काही काळ अडकली आणि सुटली, इतकेच.

हा मोठ्या स्ट्रोकचा इशारा आहे. त्यानंतरच्या पहिल्या २ दिवसांत धोका सगळ्यात जास्त असतो. म्हणून 'आता ठीक आहे' असे वाटले तरी त्याच दिवशी इस्पितळात जा. मेंदूचा स्कॅन, मानेतील रक्तवाहिन्यांची तपासणी, ईसीजी, शुगर आणि कोलेस्टेरॉल बघून वेळीच औषध सुरू केले, तर पुढचा मोठा झटका टाळण्याची चांगली संधी मिळते.

सगळ्यात मोठा शत्रू : बीपी

दिलासा देणारी बाब अशी की, स्ट्रोकचा धोका बराचसा आपल्या हातात असतो. भारतासह २२ देशांत झालेल्या 'इंटरस्ट्रोक' या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार स्ट्रोकचा सुमारे ९० टक्के धोका १० घटकांशी जोडलेला आहे आणि त्यात पहिला क्रमांक उच्च रक्तदाबाचा आहे.

बीपीची पंचाईत अशी की, ते वाढलेले जाणवत नाही. 'मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्याहून धोकादायक वाक्य म्हणजे 'बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली.' बीपी गोळीमुळे नॉर्मल आलेले असते. गोळी बंद केली की ते पुन्हा वाढते, तेही आपल्याला न कळता.

उपवासाच्या दिवशी गोळी न घेणारेही बरेच असतात. बीपीची गोळी पाण्यासोबत घेतल्याने उपवास मोडतो का, हा प्रश्न घरातल्या ज्येष्ठांशी प्रेमाने बोलून आधीच सोडवा. मधुमेहाच्या गोळ्यांचे मात्र उपवासाआधी डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

वयाच्या तिशीनंतर वर्षातून एकदा तरी बीपी आणि शुगर तपासा. सरकारी आरोग्य केंद्रांतही तिशीपुढच्या व्यक्तींची ही तपासणी केली जाते. घरी मोजताना आधी ५ मिनिटे शांत बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा, हात छातीच्या पातळीत टेबलावर असू द्या. अर्धा तास आधी चहा किंवा तंबाखू नको. दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवा. दवाखान्यात १४०/९० किंवा घरी १३५/८५ च्या वर आकडा पुन्हा पुन्हा येत असेल, तर डॉक्टरांना भेटा.

ताटापासून सुरुवात करा

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा आणि तोही सगळ्या पदार्थांत मिळून. आपल्याकडे पानात मीठ वाढण्याची पद्धत आहे. शिवाय डावीकडे लोणचे, पापड आणि चटणी असते. पापडातल्या पापडखारातही सोडियम असते. त्यावर संध्याकाळचे फरसाण, वेफर्स, इन्स्टंट नूडल्स आले की ५ ग्रॅमची मर्यादा कधीच मागे पडते.

सगळे एकदम बंद करायची गरज नाही. पानात वरून मीठ घेणे थांबवा. लोणचे आणि पापड रोज न वाढता सणावारापुरते ठेवा. आमटी-भाजीत मीठ थोडे कमी करून लिंबू, कोकम, आले, लसूण, कोथिंबीर यांनी चव वाढवा. काही आठवड्यांत जिभेला सवय होते.

बाकीचे घटकही ओळखीचेच आहेत :

* सिगारेट, विडी, गुटखा, तंबाखू. दात घासायच्या मशेरीतही तंबाखूच असतो, हे घरातल्या बायकांना जरूर सांगा. सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.

* मधुमेह आणि वाढलेले कोलेस्टेरॉल. औषधे मनाने बंद करू नका.

* अनियमित नाडी. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या एट्रियल फिब्रिलेशन या त्रासात स्ट्रोकचा धोका सुमारे ५ पट होतो. छातीत धडधडत असेल, तर ईसीजी काढून घ्या.

* बैठे काम. आठवड्याला किमान १५० मिनिटे, म्हणजे ५ दिवस रोज अर्धा तास भराभर चाला. घरकामात दिवसभर पाय दुखले तरी सलग चालणे वेगळे काढायलाच हवे.

* दारू, वाढलेला पोटाचा घेर आणि झोपेत श्वास अडकत येणारे मोठे घोरणे.

स्त्रियांनी विशेष लक्ष द्यावे

गरोदरपणात बीपी वाढले, सोबत डोकेदुखी, अंधारी, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज असेल, तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडेही जोखमीचे असतात. या काळात रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि मेंदूच्या शिरांमध्येही गुठळी होऊ शकते. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देण्याची प्रथा आहे. ती पाळू नका. तिला भरपूर पाणी हवे. बाळंतिणीची डोकेदुखी कमी होत नसेल, झटके आले किंवा हातपाय बधिर झाला, तर लगेच इस्पितळात न्या.

डोळ्यांपुढे प्रकाशरेषा दिसून सुरू होणारी अर्धशिशी, धूम्रपान, वाढलेले बीपी किंवा पूर्वी गुठळी झाल्याचा इतिहास असेल, तर गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका. सणासाठी किंवा पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणण्याची सवयही सोडा.

आणि एक, घरातली बाई स्वतःचे दुखणे शेवटी सांगते. 'आधी सगळ्यांचे डबे होऊ देत, मग बघू' असे म्हणत राहते. तिचा हात बधिर झाला असेल, तर डबे राहू द्या.

स्ट्रोकनंतरही रस्ता असतो

उपचार मिळाल्यावरही काहींचा हात, पाय किंवा वाचा कमजोर राहते. पहिल्या ३ महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, म्हणून डॉक्टरांनी परवानगी देताच फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी सुरू करा. नंतरही सुधारणा होत राहते, त्यामुळे व्यायाम सोडू नका. लुळा हात धरून रुग्णाला ओढून उठवू नका, खांद्याला इजा होते. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय भरवू नका.

बोलता न येणाऱ्या माणसाला अनेकदा सगळे समजत असते. त्याच्यादेखत 'आता यांचं काही खरं नाही' असे बोलू नका. त्याला उत्तर द्यायला वेळ द्या. रडू येणे, चिडचिड, गप्प राहणे हे नैराश्याचे लक्षण असू शकते आणि त्यावरही उपचार आहेत. रुग्णाची सेवा करणाऱ्यालाही विश्रांती हवी. पाळ्या लावून कामे वाटून घ्या.

आजच करायची ४ कामे

* तुमच्या घरापासून सगळ्यात जवळचे, २४ तास सीटी स्कॅन आणि स्ट्रोकचे उपचार असलेले इस्पितळ कोणते, हे फोन करून विचारून ठेवा. आईबाबांच्या गावासाठीही हेच करा.

* त्या इस्पितळाचा नंबर, १०८, ११२ आणि शेजाऱ्यांचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. मोबाइल लॉक असला तरी तो कागद कामाला येतो.

* घरातल्या प्रत्येकाच्या चालू औषधांच्या पाकिटांचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर ठेवा.

* रात्री जेवणाच्या वेळी सगळ्यांना तोल, डोळे, चेहरा, हात, बोलणे आणि वेळ या ६ गोष्टी सांगा. मुलांना हसून, हात वर करून खेळासारखे करून दाखवा. मुले असे खेळ विसरत नाहीत.

शंका खोटी ठरली, तर फार तर इस्पितळातली एक फेरी वाया जाईल. तेवढी जाऊ द्या.